उगवण क्षमता

बियाण्याच्या लॅबमध्ये अकरा वर्षं झाली मला.
शंभर दाणे मोजायचे, ओल्या कागदात गुंडाळायचे,
आठव्या दिवशी उलगडून बघायचं.
सोयाबीन सत्तरच्या खाली गेलं की लॉट नापास.
हात आपोआप मोजतात आता.
देवळाच्या पायऱ्यासुद्धा मी दहा-दहाच्या ओळीत चढते.

मार्चात कंपनीनं मनगटाला पट्टा दिला,
काळा, रबरी, फुकट.
पुण्याहून आलेला विम्याचा पोरगा फार गोड बोलला:
सक्ती कुणालाच नाही, शिक्षा कुणालाच नाही,
सत्तरच्या वर गुण असतील त्यांना हप्त्यात सवलत
आणि महिन्याच्या पहिल्याला कुकर.
बाकीच्यांचं काय, मुनीरभाईंनी विचारलं.
बाकीच्यांना सवलत नाही, एवढंच.

एवढंच.

जालन्यात आमच्या गल्लीत नळ नवव्या दिवशी येतो,
तोही रात्री दोनला.
आधी फुसकारतो, मग लाल, मग पाणी.
घागरी, कळशा, आईच्या लग्नातला हंडा,
जिन्यानं वर, खाली, वर.
सकाळी पट्ट्यानं हिशेब दिला:
पावलं अठराशे, शाब्बास.
झोप तीन तास, अरेरे.
दोन चाळीसला नाडी जलद होती,
तुम्हाला कसली चिंता आहे का?

उरलेल्या रात्री आईच्या.
ती उठते, कडी काढते,
"माझी गाडी चुकंल" म्हणते,
सेलूची गाडी, चाळीस वर्षांमागं सुटलेली.
मी तिचा हात धरून ओट्यावर बसते
गाडी येईपर्यंत.
गाडी येत नाही. उजाडतं.
पावलं शून्य.

पट्ट्याला आपली भाषा येत नाही.
आमच्याकडं माणूस शब्दाला जागतो,
खाल्ल्या मिठाला जागतो.
त्याच्या वहीत जागणं म्हणजे
रोज नव्यानं नोंदलेला गुन्हा.

यादी नोटीसबोर्डावर लागली.
मुनीरभाई बावन्न; रमजान होता,
पहाटे सहेरीला उठलेले, दिवसभर पाणी नाही.
मी सत्तेचाळीस.
पहिला आला प्रतवारीवरचा रंगनाथ खिल्लारे.
पट्टा चाळणीच्या दांडीला अडकवून तो जेवायला बसायचा.
चाळणी थरथरायची, बारके दाणे खाली गळायचे,
रंगनाथ दिवसाला वीस हजार पावलं चालायचा.
आम्ही सगळे पोट धरून हसलो.
कुकर सायकलला बांधताना
त्यानं मात्र कुणाकडं बघितलं नाही.

काल एक लॉट आला, सुरकुतलेला,
बघताच कुणीही नाक मुरडावं असा.
मी कागद भिजवला, दाणे मांडले,
अंधार दिला, पंचवीस अंशांची ऊब दिली,
आणि हात तिथंच थांबला माझा:
दाण्याला आपण आधी ओल देतो,
मग मोजतो.
आठ दिवस त्याला कुणी हटकत नाही.
तरी नाही उगवला तर अहवालात रकाने आहेत,
विकृत रोप, कडक दाणा, मेलेला,
आणि एक माझा आवडता:
ताजा, पण न उगवलेला.

पट्टा मी काढलेला नाही.
आईचं नाव त्याच विम्यात आहे
आणि सवलतीशिवायचा हप्ता
ऑगस्टपासून कापून जातो.
शूर बाईची कविता नाही ही.

रात्री ओट्यावर तिनं माझं मनगट चाचपलं.
"कुण्या देवाचा गंडा गं हा?"
विम्याचा, आई.
"काय मागितलंस?"
काही नाही. तो नुसता मोजतो.
ती थोडा वेळ गप्प बसली,
मग पदर सावरून म्हणाली,
"मोजतो ना, मग विचार त्याला,
माझी गाडी किती वाजता हाय?"

मी विचारलं.
त्यानं माझी नाडी सांगितली.