कडी लागत नाही

त्सियालाच्या केबिनला एका बाजूची काच नाही.
तिथे तिने प्लायवूड ठोकलंय, त्याला एक भोक,
ऋतू कळण्यापुरतं.
छत्तीस वर्षं ती ही पेटी दरीवरून नेते-आणते.
वर मँगनीजची खाण, खाली गाव,
आणि नदी, दौतीत कुणी हात धुतल्यासारखी.

तिबिलिसीहून एक मुलगा आलाय, रेकॉर्डर घेऊन.
प्रबंध लिहितोय.
विचारतो, आजी, तेव्हा बरं होतं की आता?

"दार धर," ती म्हणते. "कडी लागत नाही."

तेव्हा लागायची.
दर सोमवारी ग्रीस यायचं, डब्यावर शिक्का, वहीत सही.
तिकीट नव्हतं. पोरांना दूध होतं,
खोकल्याला डॉक्टर होता,
खोकला कशाने ते सांगायची त्याला मुभा नव्हती, एवढंच.
केबिनमध्ये चौदा माणसं
आणि चौदाही जण हवामानावर बोलायची.

जुमबेर बोलला. तिचा धाकटा.
त्या वर्षी दुकानात फक्त डाव्या पायाचे बूट आले होते.
तो म्हणाला, "उजवे फितूर झाले वाटतं."
सगळे हसले,
वर पोचेपर्यंत गप्प झाले.
मंगळवारी त्याला नेलं.
परत आला तेव्हा
हवामानावरसुद्धा बोलत नव्हता.

आता बोला की!
मालकाच्या सात पिढ्यांचा उद्धार करा.
नाव कुणाला धड ठाऊक नाही,
कुठल्याशा बेटावर राहतो म्हणे, कागदोपत्री.
माणसं तोंड भरून शिव्या देतात,
शिवी दरीत जाते, पलीकडच्या कड्याला लागते,
आणि परत येते
न उघडलेल्या अर्जासारखी.
दुकानात दोन्ही पायांचे बूट आहेत, एकवीस तऱ्हांचे.
नोदार ते काचेबाहेरून बघतो.
पगार टनावर,
टन मोजणारा काटा कंपनीचा.

तेव्हा भिंतींना कान होते.
आता नुसत्या भिंती.

दोर मात्र तोच.
दोन सरकारांनी, एका कंपनीने आणि एका बँकेने
तो पुढच्या वर्षी बदलायचं ठरवलंय.

मधल्या खांबापाशी समोरची केबिन येते.
बटाट्याचं पोतं, एक शेळी, नोदारचा वर झालेला हात.
क्षणभर दोन्ही एका पातळीत,
मग ती वर, ही खाली.
मुलाचे डोळे चमकतात. तो घाईने लिहितो:
एक चढायला दुसरी उतरावी लागते.

त्सियाला वहीत डोकावते.
"अरे, ते नुसतं वजन आहे," म्हणते,
"शेळीलाही कळतं.
तू चाकाचा आवाज ऐक."

तो ऐकतो. रेकॉर्डरही ऐकतो.
खालचा फलाट येतो, केबिन दोनदा आपटून थांबते.
दार अजून त्याच्याच हातात.

ती पिशवीतून बाटली काढते.
सूर्यफुलाचं तेल, घरचं.
स्टुलावर चढून चाकाला थोडं सोडते,
बाटली उजेडात धरून बघते:
रात्रीच्या वांग्यांपुरतं
उरलंय.