पिवळं कार्ड

कुपी एकदा उघडली की दहा जणांची.
सहा तासांत संपली नाही तर फेकायची.
म्हणून सिस्टर गेडाम बाकावरची माणसं मोजते:
नऊ.

लकडगंजचा इद्रीस, घानाला, सागवान पाहायला.
बोअरवेलचे ढोमणे, कांगोचा खडक फोडायला.
सेमिनरी हिल्सच्या दोन नन्स.
मी नैरोबीला, लेकीच्या बाळंतपणाला.
'अंड्याची अ‍ॅलर्जी?'
'आमच्या घरी शिजतच नाही, बाई.'
इद्रीस हसतो, मग मीही.

दहावा येत नाही.
ढोमणे संत्रं सोलतात, फोडी पुढे सरकवतात.
घेण्याआधी आम्ही सगळे हात पुसतो, उगीच.

'तिथल्या डासाची इतकी भीती, जी?'
सिस्टर खिडकीतल्या कूलरकडे बोट दाखवते.
टाकीत मागच्या आठवड्याचं पाणी,
पाण्यात वळवळ.
'तिथल्याची नाही. ह्याची.
ह्याला डेंगू येतो, चिकनगुनिया येतो,
तो पिवळा ताप अजून शिकला नाही.
परत येताना तुम्ही शिकवू नका, म्हंजे झालं.'

बारा वाजता दहावा आला, धापा टाकत.
कुपी उघडली.

घरी येऊन आधी
कूलरची टाकी उपडी केली.
डिंकाच्या लाडवांची बॅग
नंतर भरली.