पेटीतला पांढरा

प्रिस्किलाबाई गेल्या आणि वेस्ट्रीतल्या पत्र्याच्या पेटीची किल्ली
माझ्या पदरात पडली.
आत चार रंग, कडुलिंबाचा पाला,
आणि एका चिठ्ठीवर त्यांचं तिरकं अक्षर :
मेण खरवडू नका. वर्तमानपत्र ठेवून इस्त्री फिरवा.

आमचं वर्ष जानेवारीची वाट पाहत नाही.
मोहननगरच्या तोंडाशी संत्र्यांच्या हातगाड्या लागल्या
की मी जांभळा काढते. आगमनकाळ.
पहिली मेणबत्ती फिलेमोन पेटवतो. त्याचा हात थरथरतो,
पिऊन नाही, म्हातारपणानं,
हे तो दरवर्षी सगळ्यांना सांगतो.

मग नाताळ, पांढरा.
रात्री दोनला गाणारी पोरं दारात,
सदरची सगळी कुत्री त्यांच्यामागे तिसऱ्याच सुरात,
आणि मी करंज्यांचा डबा शोधत अंधारात.
तेव्हा भीती नव्हती पांढऱ्याची.

एलिया गेला तो ईस्टरनंतरचा आठवडा.
अजनीच्या शेडमधून थेट मेडिकलला,
तिथून घरी आलाच नाही.
शवपेटीवर घालायला पाळकसाहेबांनी पांढराच मागितला.
"सणाला जो, तोच निरोपाला, बाई."
मीच घडी उलगडली. नंतर मीच धुतला.
दोरीवर तो वाऱ्यानं फुगला,
आत कुणी उभं असावं तसा.

राखेच्या बुधवारी गेल्या सालच्या शिंदीच्या झावळ्या
फिलेमोन घमेल्यात जाळतो.
बाहेर भाजीवाली विचारते,
"काहून वो बाई, कपाळाले काय लागलं?"
माती, मी म्हणते.
"पुसून घ्या न मंग."
पुसत नाही.

उत्तम शुक्रवारी कापड काढून घेतलं
की वेदीचं उघडं सागवान दिसतं.
कडेला कुण्या सुताराची पेन्सिल :
साडेतीन फूट, आणि एक चुकलेली रेघ.
बारा ते तीन. बेचाळीस अंश. लाइट गेलेली.
सातव्या उद्गारापर्यंत तीन जणी पेंगतात,
त्यातली एक मी.
पेत्रही झोपलाच होता बागेत.

शनिवारी पांढऱ्याला इस्त्री.
याच रात्रीला मी भिते.

पहाटेची उपासना कबरस्तानात.
टॉर्च माझ्या हातात, शलोमी माझ्या मागे,
सहावा महिना. याआधीचे दोन राहिले नाहीत.
"हळू चाल," मी म्हणते. ती हसते.
तिचं हसणंच मला भिववतं.
दम घ्यायला तिनं एलियाच्या दगडावर हात टेकला,
बापाच्या खांद्यावर टेकावा तसा.

पाळकसाहेब वाचत होते त्या बायकांचं,
सुगंधी मसाले घेऊन आलेल्या,
धोंड सरकलेली पाहून पळत सुटलेल्या.
चाळीस वर्षं ऐकते आहे.
मला वाटायचं, आधी भीती उठून गेली असेल,
मग आनंद येऊन बसला असेल,
एका खुर्चीवरच्या पाहुण्यांसारखे.
तसं नव्हतं.
पळताना दोन्ही होतं, त्याच पायांत.
वाटेत थांबून एक कुणी उतरवून ठेवलं नाही.

मे सरताना पेंटेकॉस्टचा लाल. अग्नीच्या जिभा.
"एवढ्या उन्हात आनखी आग कोनाले पायजे बापा,"
कूलरमध्ये बादली ओतत फिलेमोन पुटपुटतो,
आणि आमेन सगळ्यांत मोठ्यानं त्याचंच.

आता हिरवा.
सण नसलेले लांबच लांब रविवार,
दमट जुलै, कापडाच्या कोपऱ्याला बुरशी.
शलोमीला नववा लागला.
सुजलेले पाय लांब करून ती शेवटच्या बाकावर बसते.
रात्री फोन वाजला की पोटात गोळा येतो
आणि उचलेपर्यंत धड प्रार्थनाही होत नाही माझी,
नुसतं बापा, बापा.

काल पेटी उघडली.
पांढरा सगळ्यात खाली असायचा, प्रिस्किलाबाईंची रीत.
मी तो काढला, घडी मोडून नवी घातली,
ताजा पाला ठेवला.
कशाला लागेल, विचारलं नाही.
वरच राहू दे. हाताशी.