भा-१७

ग्रामीण रुग्णालयाच्या मागच्या खोलीतून
श्रावणजी पोतंभर जुने एक्स-रे घेऊन आले,
सायकलच्या कॅरिअरवर, सुतळीनं आवळून.
"रद्दीवाला किलोनं नेत होता, मॅडम.
मी म्हटलं, आमच्या कॉलेजले द्या जी."

काच मिळते, पण काच वाकत नाही,
आणि मला वाकणारं काही हवं होतं.
नागपूरचे सर म्हणाले होते, फिल्म कशावरही बसते,
बसवणारा पाहिजे.
त्यांच्याकडे निर्वात पंप आहे.
माझ्याकडे दोन बीकर, एक हॉट प्लेट,
तासिका तत्त्वावरची नोकरी
आणि पवनीची वीज, जी दुपारी दोनला जाते.

आधी जुनं उतरवायचं.
सोड्याच्या गरम पाण्यात फासळ्या सैल होतात.
बोटानं सारलं की चांदीचा काळा थर सुटतो,
छातीचा अर्धा पिंजरा ट्रेमध्ये तरंगतो
आणि मोरीच्या दिशेनं निघतो.
कोपऱ्यात नाव होतं: भागरता मोहतुरे, स्त्री, ५८.
नाव म्हणजे काळ्यातली कोरी जागा.
भोवतीचं काळं गेलं की
नावाला उभं राहायला काही उरत नाही.
मी घासत राहिले.
हातात आलं ते फिकं निळं, कोणाचंच नसलेलं प्लास्टिक.

त्यावर पाणी थांबेना.
थेंब गोळा होई, लोळे, पळे.
मग नवतपाचे नऊ दिवस
पट्ट्या शेडच्या टिनावर ठेवल्या, वर खडे.
श्रावणजी दुपारी डोक्याला दुपट्टा गुंडाळून
त्या उलटवून येत, वड्या उलटवावं तशा.
दहाव्या दिवशी थेंब पसरला.
बस, एवढंच. थोडासा पसरला.

जस्ताच्या पाण्यात बुडव. वीस मोज. काढ.
गरम पाण्यात बुडव. वीस मोज. काढ.
असं साठ वेळा.
अमोनियानं माझे डोळे चुरचुरायचे,
श्रावणजी मात्र दारात उभे राहून वास घेत:
"नवसागराचा वास हाय हा. माझा बाप कलई करे.
पण तांब्याले जाळ दाखवता येते.
तुमच्या ह्या पोरीले तापवाचं कसं?"

तापवून पाहिलं होतं.
काच चारशे अंश निमूट सोसते.
तिसरी पट्टी भट्टीतून निघाली तेव्हा
तळलेल्या पापडासारखी होती,
चारही कोपरे आत.
पाचवीवर थर बसला, चिकटपट्टी लावून ओढली
तर सगळा चिकटपट्टीवर.
नववी, दहावी मोजायचं विसरले.
बारावीला बोटाचा ठसा.
सोळावीच्या वेळी एकेचाळिसाव्या बुडीला वीज गेली,
आणि पाणी निवत गेलेलं
मी नुसती बघत बसले.

सतराव्या दिवशी त्यांनी घरून स्टो आणला.
विचारलं नाही, आणला.
थर्मामीटर धरून त्यांनी जाळ सांभाळला,
मी मोजत होते. अठ्ठावन्न, एकोणसाठ.

खिडकीशी तिरपी धरली तर रंग दिसला,
जांभळट, मग हिरवट,
कबुतराच्या मानेवर असतो तेवढाच.
चिकटपट्टीनं काही उचललं नाही.
पेन्सिलीभोवती वाकवली तेव्हा तडकली.
भिंगाखाली तडे एकरेघी वहीसारखे, सरळ, समांतर.
उरलेला अर्धा तुकडा मी सायकलच्या दांड्याभोवती वाकवला.
तिथं टिकली.
श्रावणजींनी सायकल स्टँडला लावूनच ठेवली संध्याकाळपर्यंत,
"ऱ्हाऊ द्या जी, मी पायदळ जातो."

नागपूरच्या यंत्रानं जाडी सांगितली,
केसाचा तीनशेवा भाग, जवळपास.
सरांनी चष्मा वर केला:
नमुन्यांना लोक एस-एक, एस-दोन लिहितात,
हे भा काय?

भंडारा, मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली
आणि आलेखाच्या कोपऱ्यात
शिसपेन्सिलीनं लिहिलं, भा-१७.