सीमेवरचा आजार

नाइटनचं स्टेशन इंग्लंडात, गाव वेल्समध्ये.
मधे एक लहानशी नदी आहे,
ती कुणाचीच बाजू घेत नाही.

इलुनेड प्रोबर्ट तिथून गाडी हाकत श्रूजबरीला आली,
मागच्या सीटवर दोन पोती आणि एक स्वेटर.
पोत्यांत गाभडलेली कोकरं, वारेसकट.
स्वेटरात एक जिवंत.

आमच्या फॉर्मवर रकाने आहेत:
जात, वय, कळपात एकूण किती, किती दिवसांपासून.
स्वेटरासाठी रकाना नाही.

कोकरू थरथरत होतं,
गिरणी चालू असताना तिच्या भिंतीला हात लावावा
तसं लागत होतं हाताला.
अंगावर लोकर नव्हती, केस होते,
कुत्र्यासारखे राठ, पाठीवर उभे.
इलुनेड म्हणाली, झोपलं की थांबतं.
रात्रभर बसले होते जवळ.
झोपेत अगदी चांगलं असतं ते.

मी मान हलवली. पुस्तकात आहे हे.
तिनं पाहिलं होतं, एवढाच फरक.

मग तिनं सही केली
आणि माझं पेन खिशात घालून निघून गेली.

सुईनंतर थरथर थांबली.
टेबलावर मेंदू: सगळं जागच्या जागी,
वळ्या, घड्या, मागचा लहान मेंदूही.
डोळ्यांना काहीच सापडलं नाही.
आठव्या दिवशी स्लाइड आली.
मज्जातंतूंवर एक वेष्टण असतं,
विजेच्या तारेवर असतं तसं,
आमचा निळा रंग त्यावर गडद चढतो.
चढायला हवा.
इथे निळं म्हणजे
शाळेच्या शर्टाच्या खिशावर, चार धुण्यांनंतर
उरलेल्या शाईइतकं.
तार उघडी. म्हणून ते सगळं कापणं.

मेंढीच्या पोटातल्या जिवाला
आपलं कोण, परकं कोण, हे कळायला
ऐंशीएक दिवस लागतात.
त्याच्या आधी जो विषाणू वार ओलांडून आत येतो
त्याला तो जीव घरचाच समजतो.
जगलाच, तर जन्मभर.
ताप नाही, भांडण नाही,
रक्त तपासलं तर विरोध शून्य
आणि पाहुणा पेशीपेशीत.
नंतर येणाऱ्याला मात्र
दारातच अडवून कागद विचारतात.

मी या देशात एकोणतिसाव्या वर्षी आले.
हे वाक्य रिपोर्टमध्ये येत नाही.

रिपोर्टमध्ये येतं ते असं:
कळपात अशी एखादी असणार,
पोटातच लागण होऊन तगलेली,
दिसायला धडधाकट, सगळ्यांत मिसळून चरणारी.
रक्ताचे नमुने मागवले. सापडली.
सप्टेंबरच्या बाजारातून आणलेली,
बिल्ल्याचे शेवटचे आकडे चार-एक-सात.

फोनवर सांगितलं.
ती? इलुनेड म्हणाली.
ती तर हातातून खाते माझ्या.
मागे कुठेतरी कुत्रं भुंकत राहिलं.
मी थांबले. अशा वेळी थांबायचं असतं
हे मला कुणी शिकवलेलं नाही,
आणि किती वेळ, तेही नाही.
मग तिनं विचारलं, स्वेटर परत मिळेल का?
आमच्याकडे आलेलं सगळं जाळतात, मी म्हटलं.
नवऱ्याचा होता, ती म्हणाली. असू दे.
बाह्या तशाही उसवल्या होत्या.

जेवणाच्या सुट्टीत दहिवडीला फोन लावला.
अण्णांनी बत्तीस वर्षं गुरांच्या दवाखान्यात काढली.
'गाभडली' हा शब्द मी त्यांच्या रजिस्टरात वाचायला शिकले,
'गाभण'च्या खालच्याच ओळीत,
त्याच अक्षरात, त्याच शाईनं.
इथे तो कुणाला सांगता येत नाही.
इथल्या शब्दाला
पोटातून आल्याचा आवाज नाही.

अण्णा, म्हटलं, एक कोकरू आलं होतं,
नुसतं कापत होतं.
लाइन खराब होती, किंवा त्यांचा कान.
थंडी असेल गं तिकडे, ते म्हणाले.
पोतं टाक त्याच्या अंगावर.

टाकलं, म्हटलं.