टप्पे

पोरानं मोबाईलवर काढून दाखवलं:
कोल्हापूर ते हैदराबाद,
हवेतून साडेचारशे किलोमीटर,
वेळ तास-सव्वा तास.
मी विचारलं, टप्पे किती?
तो हसला. टप्पे नसतात आण्णा,
सरळ रेघ असते.

पेटी काखेला मारून मी अकरा वर्षं
हैदराबाद गाडीवर काढली.
मिरज. सांगोला. मंगळवेढा.
सोलापुरात जेवण, तीस मिनिटं,
मग नळदुर्ग, उमरगा,
हुमनाबादला पाट्यांवरची अक्षरं गोल व्हायची
आणि जहिराबादला फटफटायचं.
चढलेला माणूस आणि उतरलेला माणूस
क्वचितच एक असायचा.
नवऱ्याशी भांडून बसलेली बाई
मंगळवेढ्याच्या पुढं त्यालाच शेंगा सोलून द्यायची.

तेजूशी मी सहा वर्षं बोललो नाही.
वेणुगोपाळ म्हणून पोरगा, तिच्याच ऑफिसातला.
ती दोघं दारात उभी होती
आणि मी दोरी ओढावी तसं म्हणालो,
उतर.
पायरीच होती ती. उतरली.

आता तिला मुलगी झालीय.
कपाळाला आठी आहे म्हणे, माझ्यासारखी.

उजळाईवाडीला तपासणीत
खिशातला तिकिटाचा चिमटा निघाला.
हे काय, काका?
भोक पाडायचं. नातीला नेतोय.
वर्दीतल्या त्या पोरीनं तो उजेडात धरला,
एकदा दाबला,
टिक्,
आणि ट्रेमध्ये परत ठेवला.

वर गेलो. रंकाळा परातीएवढा,
मग वाटीएवढा,
मग कुणाच्या तरी हातून पडलेला रुपया.
उसाचे तुकडे, एक वीटभट्टी, ढग.

माझा हिशेब होता साधा.
राग सोलापूरपर्यंत पुरतो,
रडू येतं ते उमरग्याला, दिवे घालवल्यावर,
आणि पहिलं वाक्य
जहिराबादच्या चहाशिवाय सुचत नाही.
हे मी सीटनंबरवार पाहिलंय.
पण इथं पाण्याचा पेला संपेतो
सोलापूर खालनं निघून गेलं असणार,
राग अजून मिरजेच्या स्टँडवर
गाडी लागायची वाट बघत बसलेला.

चाकं टेकली. सगळे उठले.
मी पट्टा तसाच धरून.
बॅगा काढून झाल्या, वाट रिकामी झाली.
ती हवाईसुंदरी कागलची निघाली,
वाकून म्हणाली,
आण्णा, उतरा सावकाश.
हा शब्द असाही म्हणता येतो,
बत्तीस वर्षांच्या नोकरीत
कुणी सांगितलं नव्हतं.

काचेपलीकडं तेजू.
कडेवर एक आठी घातलेलं कपाळ.
मुठीत चिमटा, तोंडात काहीच नाही.
मी चालत राहिलो.
वाक्य मागनं एसटीनं येत होतं,
पहाटेपर्यंत पोचेल.