निळा पडदा

फर्वानियात, मनी एक्स्चेंजच्या वरच्या मजल्यावर
माझा स्टुडिओ. एक स्टूल, दोन छत्र्या, निळा पडदा.
सिव्हिल आयडीला निळा, पासपोर्टाला पांढरा.
कान दिसले पाहिजेत. दात नकोत.
चष्मा काढा. हनुवटी थोडी खाली. बस्स.
एकोणीस वर्षं मी हेच म्हणतोय
सात भाषांत.

परातीवरचे येतात, भटारखान्यातले, पाण्याच्या टँकरवाले.
खुंटीवरचा एकच कोट सगळे घालतात,
मापाचा कुणालाच नाही,
आणि फोटोपुरते साहेब होतात.
कोट काढला की पाठ आपली आपण वाकते.

राहुरीकडं आमच्या देवळात
बाप्तिस्म्याचं एक रजिस्टर आहे, कडा वाळवीनं खाल्लेल्या.
त्यात पणजोबा: संतूजी बाबाजी साळवे.
त्याआधी गावानं त्यांना नावानं हाकच मारली नव्हती.
ए म्हणायचे, नाहीतर जात म्हणायचे,
आणि ते सावली आवरून उभे राहायचे.
जी लिहा, पाळक मुनशीला म्हणाले.
मुनशीनं टाक बुडवला, क्षणभर थांबला, लिहिलं.
वडील सांगायचे, त्या रात्री पणजोबा
पाटलाच्या गोठ्यात शेण काढता काढता
स्वतःच स्वतःला हाका मारून बघत होते,
बैलांना ऐकू जाईल न जाईल अशा आवाजात.

देवाचं प्रतिरूप म्हणजे काय, ते मला एवढंच कळलेलं:
एका माणसानं दुसऱ्याच्या नावाला शाईनं जोडलेलं जी.
बाकीचं धर्मशास्त्र नंतर आलं, अर्धंमुर्धं.

गेल्या रमजानात, इफ्तारच्या जरा आधी,
एक ड्रायव्हर तिला घेऊन आला.
कृपावती. पूर्व गोदावरीकडची.
डाव्या डोळ्याखाली जांभळं, इस्त्रीच्या टोकाएवढं.
हे साफ कर, तो म्हणाला, मॅडमनं सांगितलंय.
माणूस वाईट नव्हता.
त्याचाही पासपोर्ट त्याच कपाटात होता.

मला येतं ते. शेजारची निरोगी कातडी उचलायची,
जखमेवर ठेवायची, कडा मिटवायच्या.
किती नवरदेवांचे मुरूम पुसलेत मी असे,
दुवा घेतलाय वर.

तिनं स्क्रीनकडं पाहिलं.
मला तेलुगू येतं चार शब्द, त्यातला एक निघाला.
उंडनी, ती म्हणाली. राहू दे.

आणि मला आठवली कड्या लावलेली ती खोली,
जिथं मरण मागं टाकून आलेला एकजण
भेदरलेल्या मित्रांपुढं हात धरतो.
थडग्यावरची धोंड ज्यानं लोटली
त्याला दोन भोकं बुजवता आली नसती?
त्यानं ठेवली. गौरवातही ठेवली.
ज्याला पटत नव्हतं त्याला म्हणाला, बोट घाल.

मी काय केलं? शूराचं काही नाही.
दोन फोटो केले.
गुळगुळीत त्याला: आठ प्रती, दीड दिनार.
जसा होता तसा तिला, मागं तारीख आणि वेळ.
ओढणीच्या घडीत तो सरकवून ती जिना उतरली.
बांग सुरू झाली होती. खाली कुणीतरी
ओळख ना पाळख, तिच्या हातावर तीन खजूर ठेवले.
ते मी खिडकीतून पाहिलं.

शुक्रवारी दोनला, मल्याळी मंडळींनी खुर्च्या सोडल्यावर,
आमची मराठी उपासना.
माणूस देवाच्या प्रतिरूपाचा, पाळक म्हणाले.
आमेन, सगळे म्हणाले. मीही.
कुठल्या फोटोतला, हे विचारायचं होतं.
चहा आला, बिस्किटं आली, राहिलं.

एक प्रत माझ्या खणात आहे.
वकिलातीतून कुणी विचारायला आलं नाही.
ड्रायव्हर आता दुसराच असतो, तो वर येत नाही.
प्रतीच्या मागं मी लिहून ठेवलंय: कृपावतीबाई.
आडनाव विचारायचं राहून गेलं,
म्हणून तेवढी जागा
कोरी सोडली आहे.